बाड घेऊन अमळनेरला

एरंडोलहून धरणगावमार्गे अमळनेरला एसटीने सकाळी निघावं आणि संध्याकाळी परतावं, एवढ्या अंतरावर फेब्रुवारी २०२४मध्ये सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. एरवी प्रकाशक गाठायला पुणे-मुंबई करावी लागते, त्यामुळे आमच्याकडच्या होतकरू कादंबरीकारांना ही पर्वणीच. इंग्रजीत लेखकाची वकिली करायला एजंट असतो. मराठीत तो जवळजवळ नाहीच, आपलं घोडं आपणच पुढे दामटायचं. पण ग्रंथदालनात चारशे पानांचं बाड काखोटीला मारून गेलात, तर गल्ल्यावरचा पोरगा पिशवीकडे बघूनच म्हणतो, ‘साहेब जेवायला गेलेत.’ त्यापेक्षा एका पानात कथानक, खाली फोन नंबर, सोबत पहिलं प्रकरण, आणि वेळ दुपारची, गर्दी मंडपात भाषणं ऐकत असते तेव्हाची. गप्पा रंगल्यावर ‘थोडा खर्च तुम्ही उचला’ असं कुणी म्हणालं, तर चहा संपवून उठावं, हे माझं स्पष्ट मत. प्रत्यक्ष ओळखीचं मोल मात्र मी नाकारत नाही. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे पुण्यात शिकले, तिथे प्रकाशक रा. ज. देशमुखांशी ओळख झाली आणि १९६३मध्ये ‘कोसला’ ही कादंबरी देशमुखांनीच छापली. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. आता असा, ‘लिही, मी छापतो’ म्हणत मागे लागणारा प्रकाशक कुठल्या गाळ्यावर बसतो, ते संमेलनाच्या नकाशात काही दाखवत नाहीत.