कुत्र्याला खुर्ची, माणसाला पट्टा

पुण्याच्या कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, औंध या वस्त्यांतील काही उपाहारगृहांच्या दारांवर गेल्या काही वर्षांत एक नवी पाटी झळकू लागली आहे. पाळीव प्राण्यांचे येथे स्वागत आहे, असा तिचा आशय. आत गेल्यावर कुत्र्यासाठी पाण्याचे भांडे येते, बसावयास गादी मिळते आणि काही ठिकाणी त्याच्यासाठी वेगळे खाद्यपत्रकही असते. बिनमिठाची उकडलेली कोंबडी, भात, लाल भोपळा आणि शेवटी लहानशा पेल्यात फेटलेली साय. कुत्र्याचा वाढदिवस असल्यास केकही कापला जातो. हे सारे पाहून शहर किती सुसंस्कृत झाले, किती भूतदयावादी झाले, असे म्हणणारे लेख अधूनमधून छापून येत असतात.

पक्षपत्राने या विषयात कशाला पडावे, असे आपल्यातील काही कार्यकर्ते विचारतील. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे प्रश्न पुढ्यात असताना कुत्र्यांच्या मेजवानीची दखल घेणे म्हणजे श्रीमंतांच्या चोचल्यांना महत्त्व देणे, असे त्यांचे म्हणणे असेल. प्रस्तुत लेखकाचेही काही महिन्यांपूर्वी हेच मत होते. ते बदलले जुन्नर-आंबेगावच्या वाऱ्या केल्यावर. त्या मेजावरच्या साखरेचा, दुधाचा, टोमॅटोचा माग काढीत गेले तर माणूस नारायणगाव, मंचर, ओतूर याच मुलखात पोहोचतो. आणि तेथे कुत्र्याची व माणसाची जी स्थिती दिसते ती पाहिल्यावर शहरातली ती पाटी निरुपद्रवी वाटेनाशी होते.

कुत्र्याशी आमचे भांडण नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवाची गोष्ट ज्या मुलखात आजी नातवाला सांगते, त्या मुलखात कुत्र्याला अन्न घालण्याची नवलाई कोणी शिकवावयास नको. जुन्नर तालुक्यातल्या धामणखेलच्या खंडोबापुढे वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. परंतु नामदेवाच्या गोष्टीत भाकरी नामदेवाची होती आणि तूपही नामदेवाचेच होते. शहरातल्या या नव्या भूतदयेची भाकरी कोणाची, हा आमचा प्रश्न आहे.

आता जुन्नर वनविभागात काय घडले ते पाहा. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे चार तालुके या विभागात येतात. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत आंबेगावच्या हद्दीला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड व जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन माणसे मेली. एक साडेपाच वर्षांची मुलगी, एक ऐंशी उलटलेली वृद्धा आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. संतप्त लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग तासन्‌तास रोखून धरला. त्यानंतर सरकारला जाग आली, नेमबाज आले, एक बिबट्या मारला गेला. त्याच दिवसांत पिंपरखेडची बायामाणसे शेतात जाताना गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालू लागली. बिबट्या सावजाची मान धरतो, तेव्हा खिळे टोचून त्याची पकड सुटावी, एवढाच त्यामागचा हिशेब. त्यांची छायाचित्रे देशभर छापली गेली आणि लोकांनी ती कुतूहलाने पाहिली.

हा पट्टा मूळचा कोणाचा? बिबट्याच्या मुलखातले मेंढपाळ आपल्या राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा बांधीत आले आहेत. तोच पट्टा आता खुरपणीला निघालेल्या बाईच्या गळ्यात आला आणि तेथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर पुण्यात कुत्रा खुर्चीवर बसून साय चाटतो आहे. ही तुलना आम्ही जुळवून आणलेली नाही. ज्यांना ती अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी एकदा पिंपरखेडला जाऊन यावे.

त्या भागातल्या कुत्र्याचे काय? तो बिबट्याचे अन्न आहे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून त्याचा आहार काय, हे शोधले. वजनाच्या हिशेबाने त्या आहाराचा ३९ टक्के हिस्सा एकट्या पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे वस्तीवरचा कुत्रा हा मालकाचा राखणदार असतो आणि त्याच वेळी बिबट्याला वस्तीपर्यंत आणणारे आमिषही असतो. शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. तरीही तो कुत्रा पाळतो, कारण रात्री भुंकून जागे करणारे दुसरे कोणी त्याच्याजवळ नाही. ओट्यावरची साखळी सकाळी रिकामी दिसली की बिबट्या येऊन गेला, एवढे कळते.

बिबट्या उसात का आला, याचे उत्तर देताना वनखाते जंगलतोडीकडे बोट दाखविते आणि शहरी प्राणिमित्र शेतकऱ्याच्या अतिक्रमणाकडे. दोघेही पाण्याविषयी बोलत नाहीत. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी पूर्वेकडच्या शिवारात खेळू लागले आणि जिथे बाजरी-मटकी पिकत होती तिथे बारमाही ऊस उभा राहिला. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव पडले ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. पश्चिमेच्या महादेव कोळी आदिवासींनी जमिनी दिल्या, पूर्वेकडे साखर झाली, आणि पुरुषभर उंच, थंडगार, वर्षभर माणसाची फारशी वर्दळ नसलेल्या उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्ले घालू लागली. आज त्या भागातल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलेच नाही. विकासाचा हा आराखडा बिबट्याने काढलेला नव्हता, कुत्र्यानेही नाही.

ऊस तोडावयास येतात ते बीड-अहिल्यानगरकडचे मजूर. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बैलगाड्या व ट्रॅक्टर भरभरून ही माणसे येतात, उसाच्या पाचटाच्या नि चवाळ्याच्या कोप्यांत राहतात. कोपीला दार नसते, संडास नसतो, दिवा असला तर असतो. पहाटे अंधारात आईबाप फडात आणि लेकरू कोपीत किंवा बांधावर. गेल्या हंगामाचे गाळप १ नोव्हेंबर २०२५ ला सुरू करण्यास सरकारने परवानगी दिली, आणि पिंपरखेडचा तो मुलगा गेला दुसऱ्या दिवशी. म्हणजे तीन आठवड्यांत दोन बळी पडलेले असताना, उघड्यावर झोपणाऱ्या हजारो कुटुंबांना त्याच मुलखात बोलाविले जात होते, आणि त्यांच्या निवाऱ्याला दार असावे अशी अट कोणी कारखान्यांना घातली नाही. मृताच्या वारसांना पंचवीस लाख रुपये देण्याची तरतूद मात्र आहे. माणूस मेल्यावर त्याची किंमत ठरविणारे सरकार तो जिवंत असताना त्याच्या कोपीला फळ्यांचे दार देत नाही. या हिशेबाला काय म्हणावे?

कायम राहणाऱ्या शेतकऱ्याची कथा थोडी वेगळी, तरी फार वेगळी नाही. शेतीच्या पंपाला थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की रात्री अकराला बॅटरी घेऊन उसात शिरावे लागते. बिबट्याही त्याच वेळी हिंडतो. शहरातल्या वातानुकूलित उपाहारगृहाला, अर्थातच, वीज कोणत्या वेळी हवी हे विचारण्याचीही गरज पडत नाही.

उपाहारगृहाच्या दाराला या देशात इतिहास आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि अस्पृश्यांना ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. जेथे आम्हांला कुत्र्यामांजरांहून हीन वागविले जाते तो देश आमचा कसा म्हणावा, हा बाबासाहेबांचा १९३१ सालचा गांधीजींना केलेला सवाल प्रसिद्धच आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी व तलाव यांचा नावानिशी उल्लेख करावा लागला तो याच कारणाने. कायदा झाल्यावरही खेडोपाडी हॉटेलात वेगळ्या कपबश्या टिकल्या, आणि १९७२ च्या दुष्काळात बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ची मोहीम काढावी लागली. त्याच आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्यात ‘कष्टाची भाकर’ केंद्रे उघडली. हमालाला, रिक्षावाल्याला, परगावच्या विद्यार्थ्याला परवडेल अशा दरात झुणका-भाकर देणारी. त्या दारावर कोणाच्या स्वागताची पाटी लावावी लागली नाही. २०२५ च्या डिसेंबरात बाबा गेले. केंद्रे आहेत.

मागच्या हिवाळ्यात आंबेगावच्या पश्चिम भागातले एक जुने सहकारी वनखात्याच्या कचेरीत निवेदन द्यावयास पुण्यात आले होते. काम झाल्यावर चहा घेऊ म्हणून आम्ही रस्त्यावरच्या एका उपाहारगृहापाशी आलो. आत कुत्री बसलेली दिसत होती, दारावर पाटी होती. दारावरच्या माणसाने आम्हांला अडविले नाही. उलट त्याने दार उघडून धरले. सहकारी आपल्या धुळीने भरलेल्या वहाणांकडे पाहत थांबले आणि म्हणाले, “भाऊ, आपण टपरीवर घेऊ की.” आम्ही टपरीवर चहा घेतला. आता आढ्यताखोर पाट्यांची आवश्यकता राहिलेली नाही. खाद्यपत्रकावरचे दर आणि दाराची काच ते काम करतात.

आता दोन्ही बाजूंच्या आक्षेपकांकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व परिसरातली भटकी कुत्री उचलण्याचा आदेश दिला तेव्हा शहराशहरांतले प्राणिप्रेमी रस्त्यावर उतरले. अकरा दिवसांत तो आदेश बराच सौम्य झाला. नसबंदी व लसीकरण करून कुत्री जागच्या जागी परत सोडावीत, हा त्यांचा आग्रह शास्त्रीय होता, आणि आम्ही तो मान्य करतो. परंतु त्या मेणबत्त्यांपैकी एकही पिंपरखेडसाठी पेटली नाही. बिबट्या वाचवा, कुत्रा वाचवा, असे म्हणणाऱ्यांच्या यादीत ऊसतोड मजुराचे लेकरू कोणत्या क्रमांकावर आहे, ते त्यांनी सांगावे. प्राणिप्रेमाला आमचा विरोध नाही. ज्या प्रेमाची सारी झीज दुसऱ्याने सोसावयाची, त्याला प्रेम म्हणण्यास आमचा विरोध आहे.

दुसऱ्या बाजूला, बिबटे मारा किंवा उचलून लांब नेऊन सोडा, अशी भाषणे ठोकणारे पुढारी आहेत. लोकांचा संताप खरा आहे. पुढाऱ्यांचा उपाय खोटा. २००१ नंतर जुन्नरमध्ये बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला गेला, तेव्हा वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरचे हल्ले सतरावर गेले, असे अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आले. एक बिबट्या हलविला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, आणि हलविलेला अनोळखी मुलखात बावरून हिंडतो. माणिकडोहच्या निवारा केंद्रात किती जनावरे कोंडावयाची, याला मर्यादा आहे. बिबट्यांसाठी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना २०२५ च्या डिसेंबरात वनमंत्र्यांनीच मांडली. तिच्यावर हसू येते, परंतु हसण्यासारखे काही नाही. ज्या आदिवासीच्या घरी विकावयास एक शेळी नाही, त्याच्या डोळ्यांदेखत सरकारी शेळ्या बिबट्याच्या तोंडी देण्याचा हा विचार आहे.

या भागातल्या आपल्या शाखांनी चार गोष्टी हाती घेतल्या पाहिजेत, आणि त्या भाषणांनी होणाऱ्या नाहीत. विघ्नहर व भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांकडे, ऊसतोड टोळीच्या प्रत्येक कोपीला दार, दिवा आणि जवळ संडास असल्याखेरीज तोड सुरू करू नये, ही मागणी हंगामापूर्वी लेखी गेली पाहिजे. सभासद शेतकऱ्यांनी ती वार्षिक सभेत मांडावी. कारखाने सहकारी आहेत, तेव्हा तो त्यांचा हक्क आहे. शेतीपंपांना दिवसाची वीज देण्याचे सौर कृषी वाहिनी योजनेतले आश्वासन चार तालुक्यांत आधी पाळून घ्यावे. महामार्गावरचे धाबे आणि कोंबड्यांचे व्यापारी जी घाण रस्त्याकडेला टाकतात तिच्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्या घाणीची विल्हेवाट ग्रामपंचायतींनी लावावी. कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेरही व्हावे, त्यासाठी जिल्हा परिषदेने पैसे ठेवावेत. गाळप सुरू होण्याच्या महिनाभर आधी मंचरला जी बैठक व्हावयाची आहे, तिला टोळ्यांच्या मुकादमांनाही बोलवावे. कोपीत कोण झोपते, याची पटावरची नोंद त्यांच्याचपाशी असते.