एकलव्याचा अंगठा आणि आमच्या पोरींची नडगी

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. मजुराची मुलगी अनवाणी धावली आणि जिल्ह्यात पहिली आली! सोबत फोटो. पायात काही नाही, गळ्यात पदक आणि शेजारी हसरा पुढारी. वाचणारे हळहळतात, कौतुक करतात आणि पान उलटतात. आम्हाला ही बातमी वाचून अभिमान वाटत नाही, संताप येतो. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावरही पंधरा वर्षांच्या मुलीला धावायला बूट मिळत नाहीत, ही बातमी कौतुकाची की लाजेची? आणि तीच मुलगी पुढच्या वर्षी मैदानावर का दिसत नाही, हे विचारायला एकही वार्ताहर तिच्या वस्तीत का जात नाही?

ती कुठे जाते ते आम्ही सांगतो. तिच्या नडगीच्या हाडाला चीर पडते आणि ती घरी बसते.

हा हंगाम कसा असतो ते आधी पाहू. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी स्पर्धांची उतरंड. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट. नववी-दहावीतली लांब पल्ल्याची मुलगी १५०० मीटर धावते, ३००० मीटरही धावते आणि क्रॉसकंट्रीला कोणी नसले की तिलाच उभे करतात. उन्हाळ्याच्या सुटीत तिचा सराव नसतो, कारण ती आईबरोबर कामाला जाते. पावसाळ्यात शाळेत निरोप येतो, 'स्पर्धा आल्या, लागा धावायला.' मग काहीच नसताना एकदम रोज सात-आठ किलोमीटर. मैदान असलेच तर चिखलाने भरलेले, म्हणून धावायचे डांबरी रस्त्यावर. पायात कॅनव्हासचे पातळ बूट, तेही मोठ्या भावाचे. घरी आल्यावर पाणी भरायचे, भांडी घासायची, धाकट्याला सांभाळायचे. खेळाडूची विश्रांती हा शब्द तिच्या दिनक्रमात बसतच नाही.

हाड म्हणजे दगड नव्हे, हाड जिवंत असते. धावताना प्रत्येक पावलागणिक त्यावर ताण येतो आणि बारीक झीज होते. विश्रांती आणि पोटभर अन्न मिळाले की शरीर ती झीज भरून काढते आणि हाड पूर्वीपेक्षा मजबूत होते. झीज रोजची आणि भरणी अर्धवट, असे झाले की आधी नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते. सुरुवातीला अंग गरम झाल्यावर ते दुखणे थांबते, म्हणून मुलीला वाटते बरे झाले. तेव्हाच थांबली तर थोडक्यात निभावते. धावत राहिली तर दुखणे बोटाने दाखवता येईल एवढ्या एका जागी येऊन बसते, चालताना कळ येते, रात्री ठणकते. ही हाडाला पडलेली चीर. सुरुवातीच्या आठवड्यांत ती साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. मग डॉक्टर म्हणतात काही नाही, सर म्हणतात नाटक करते, आणि घरातले बाम चोळून देतात.

या दुखण्यावरचा मुख्य इलाज म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे धावणे बंद. महागडे औषध नाही, बहुतेक वेळा शस्त्रक्रियाही नाही. म्हणजे इलाज फुकटातला आहे. पण हा फुकटातला इलाजच आमच्या मुलीला परवडत नाही!

का परवडत नाही? हंगामच दोन-चार महिन्यांचा. त्यात सहा आठवडे थांबायचे म्हणजे जिल्हा गेला, विभाग गेला. त्याबरोबर दहावीचे क्रीडागुण गेले, शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाची वाट गेली. पोलीस भरतीला मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, त्यासाठी कमावलेला दमही गेला. सुखवस्तू घरातल्या मुलाचा हंगाम बुडाला तर त्याचा छंद बुडतो. आमच्या मुलीचा हंगाम बुडाला तर बाप म्हणतो, धावून काय मिळवलेस, आता स्थळ बघतो. म्हणून ती दुखणे लपवते. ती हट्टी नाही, तिच्यापुढे दुसरा दरवाजाच उघडा नाही.

आता तिच्या ताटाकडे पाहू. शाळेतला मध्यान्ह आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत गेली, शर्यतीचे अंतर वाढले आणि त्याच वर्षी शाळेतले जेवण बंद झाले! आठवीपर्यंतच्या मुलांच्या ताटातल्या अंड्यासाठी दिला जाणारा निधीही महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. अशा मुलीला रोज धावायला लावायचे आणि खायला द्यायचे नाही, म्हणजे शरीर हाडातूनच उसनवारी करणार. त्याची पहिली खूण म्हणजे मासिक पाळी चुकणे किंवा बंद होणे. हे ती पुरुष शिक्षकाला सांगत नाही, आणि घरीही बोलायची चोरी. पाळी बंद होणे हा हाडे ठिसूळ होण्याचा इशारा आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

कोणी म्हणेल, हा सगळा गरिबीचा प्रश्न आहे, पैसा आला की सुटेल. तसे नाही. अमेरिकेचे उदाहरण घ्या. न्यूयॉर्कजवळच्या ब्रॉन्क्सव्हिलची मेरी केन २०१३ मध्ये शाळेत शिकत असतानाच मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली. वय १७. त्यानंतर ती नाइके कंपनीच्या नामांकित प्रशिक्षण केंद्रात गेली. बूट, डॉक्टर, मैदान, पैसा, कशाचीही वाण नव्हती. २०१९ मध्ये तिने जगापुढे येऊन सांगितले की वजन कमी कर, आणखी कमी कर, असा तगादा तिच्यामागे लावला गेला. तीन वर्षे तिची पाळी बंद होती आणि पाच हाडे मोडली. तिचे प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार यांनी आरोप नाकारले. उत्तेजक द्रव्यांच्या नियमभंगासाठी त्यांच्यावर २०१९ मध्ये चार वर्षांची बंदी आली होती. पुढे २०२१ मध्ये खेळाडूंशी गैरवर्तनाच्या प्रकरणात त्यांच्यावर कायमची बंदी आली. केनने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि २०२३ मध्ये तो तडजोडीने मिटला.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, जिथे मुलीच्या शरीरापेक्षा पदक मोठे ठरते तिथे श्रीमंत देशातही हाडे मोडतात. दोन, मेरी केनला बोलायला जागा होती, ऐकणारे होते, वकील होता. आमच्या तालुक्यातल्या मुलीने तक्रार कुठे करायची? क्रीडाशिक्षकाविरुद्ध बोलली तर संघातून बाहेर, आणि वस्तीचे नाव घेऊन टोमणे ते वेगळेच. एकलव्याचा अंगठा मागणारा द्रोणाचार्य निदान समोर उभा होता. आज अंगठा कोणी मागत नाही. शाळेचा चषक हवा, संस्थेचे नाव हवे, पुढाऱ्याला फोटो हवा, आणि त्याची किंमत ही पोर आपल्या नडगीने चुकती करते. गुरुदक्षिणेची पद्धत तेवढी बदलली.

दुसरे उदाहरण आपल्या घरातले. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा, कष्टकरी आईबापाचा मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला तो महार रेजिमेंटमध्ये. १९४१ मध्ये ही रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांची खटपट होती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. सियाचीनला नोकरी करून आल्यानंतर, २०१५ मध्ये, म्हणजे विशीत आल्यावर, त्याने सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून खऱ्या अर्थाने शर्यती सुरू केल्या. शाळकरी वयात कोणी त्याला पदकासाठी पिळून काढले नव्हते. सैन्यात पोटभर जेवण मिळाले, शिस्तीचा सराव मिळाला, डॉक्टर मिळाला. तोच मुलगा ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२३ च्या आशियाई खेळांचा सुवर्णविजेता झाला आणि २०२४ मध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडून त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. पण त्याची नोकरी गेली नाही, पगार बुडाला नाही, थांबलास का असे कोणी विचारले नाही. दुखापत खेळाडूला चुकत नाही. प्रश्न एवढाच आहे की थांबण्याची मुभा कोणाला आहे आणि कोणाला नाही.

विश्रांती ही चैन नसून हक्क आहे, हे या देशातल्या कष्टकऱ्याला बाबासाहेबांनी शिकवले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू त्यांनी मांडली. ते मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामगारांना भरपगारी सुटीचा कायदा १९४५ मध्ये झाला, आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ मध्ये. राबणाऱ्या शरीराला थांबण्याचा अधिकार आहे आणि थांबल्यामुळे त्याची भाकरी जाता कामा नये, हे त्यामागचे तत्त्व. गिरणीतल्या बाईला जे लागू, ते तिच्या पणतीला मैदानावर लागू नको काय?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. नववी-दहावीत स्पर्धेसाठी सराव करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला शाळेतच आहार द्या, आणि त्यात अंडे असू द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतातच. त्यांनी धावणाऱ्या मुलांची नडगी, रक्त आणि मुलींच्या पाळीची विचारपूस करावी, त्यासाठी पथकात महिला असावी. ज्याचे हाड दोन आठवडे दुखते आहे त्याला डॉक्टरच्या दाखल्याशिवाय शर्यतीत उतरवू नये. सराव हळूहळू वाढवावा आणि आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. अनुसूचित जातींच्या निवासी शाळांना आणि वसतिगृहांना बूट, महिला प्रशिक्षक आणि मातीचे मैदान यांसाठी अनुसूचित जाती उपयोजनेतून निधी द्यावा. तो निधी आमच्या हक्काचा आहे, उपकार नव्हे.

आणि दोन शब्द चळवळीतल्या मंडळांना. जयंतीनिमित्त मॅरेथॉन भरवता, चांगली गोष्ट आहे. पण एप्रिलच्या उन्हात, डांबरी रस्त्यावर, बारा वर्षांच्या लेकरांना दहा किलोमीटर पळवू नका. मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतरासाठी अठरा वर्षांची अट असते, ती काही उगाच नसते. लहानांना छोटे अंतर ठेवा, पहाटे धाववा. व्यासपीठावर पुष्पगुच्छांवर होणारा खर्च वाचवून वस्तीतल्या चार मुलींना चांगले बूट घेऊन द्या. आणि जी पोर मागच्या वर्षी पहिली आली होती आणि यंदा दिसत नाही, तिच्या घरी जा, तिचा पाय कसा आहे ते विचारा, तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. आईबापाला समजावून सांगा की सहा आठवडे थांबलेली मुलगी पुन्हा धावू शकते. न थांबलेली मात्र कायमची घरी बसते.

आमच्या पोरींच्या अंगात दम आहे, याचा पुरावा आता कोणी मागू नये. धावणे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांना थांबण्याचा हक्क मिळवून देणे हे मोठ्यांचे काम आहे, आणि ते काम पुढच्या हंगामाआधी व्हायला हवे.