टाके कोणाचे, नाव कोणाचे?

२९ नोव्हेंबर १९४४. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पंधरा महिन्यांची एक मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर होती. हृदयात जन्मतः दोष, फुप्फुसाकडे जाणारी रक्ताची वाट अरुंद, म्हणून अंग निळे पडलेले. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची, असा बेत होता. सर्जन अल्फ्रेड ब्लॅलॉक. पण त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कोणत्या बाजूने घ्यायचा हे सांगत होते व्हिवियन थॉमस, एक काळे तंत्रज्ञ. ही जोडणी कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा करून त्यांनीच ती बसवली होती.

थॉमस सुताराचे पोर. डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे मंदीत बँकेबरोबर बुडाले. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते संशोधन करू लागले, तेव्हा कागदावरचा हुद्दा होता सफाई कामगाराचा! १९४५ साली शोधनिबंध छापला गेला. त्यावर नावे ब्लॅलॉक आणि हेलन टॉसिग यांची. कल्पना टॉसिगबाईंची होती, त्यांचा वाटा आम्ही नाकारत नाही. पण थॉमस यांचा साधा उल्लेखही नाही. दिवसा ज्या डॉक्टरांना ते शिकवत, त्यांनाच संध्याकाळी ब्लॅलॉक यांच्या पार्टीत पेले भरून देत.

कोणी म्हणेल, १९७६ मध्ये मानद डॉक्टरेट मिळाली की. मिळाली. बत्तीस वर्षांनी, आणि तीही कायद्याची!

मित्रांनो, अमेरिकेतल्या वर्णभेदावर हळहळणे सोपे आहे. आपल्याकडच्या शवागारात जाऊन पाहा. अनेक ठिकाणी मृतदेह उघडतो तो चतुर्थश्रेणी कर्मचारी, बहुतेकदा आपल्याच समाजाचा. डॉक्टर अंतरावर उभे राहून लिहितात, सहीही त्यांचीच. त्या हातांना शरीर कळते, पण त्या कळण्याला ज्ञान म्हणत नाहीत, घाण काम म्हणतात. जात कामे नव्हे, माणसे वाटते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. या कर्मचाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण, प्रमाणपत्र, जोखीम भत्ता आणि अहवालात नाव मिळावे, ही मागणी आपल्या निवेदनांत किती वेळा आली?

आमचेही चुकलेच. गेल्या वर्षी आमच्या विहारात वस्तीतल्या पहिल्या एमबीबीएस मुलीचा सत्कार झाला. शाल, पुस्तक, फोटो, सगळे झाले. बावीस वर्षे शवागारात काम केलेले एक काका त्या दिवशी सतरंज्या घालत होते.