पहिला नंबर

एका वाचक भगिनींनीं विचारलें आहे कीं, शेजारच्या मुलाहून गुण कमी पडले म्हणजे त्यांचा तिसरींतला मुलगा घरीं खोटे गुण सांगतो; त्यास काय शिक्षा करावी? शिक्षेचें मागाहून पाहूं. प्रथम आमचाच एक प्रमाद सांगतों.

चौथीच्या वर्गांत आम्ही दर शनिवारीं वीस शब्दांचें शुद्धलेखन घालीत असूं. नंतर आम्हीं ते शब्द फळ्यावर लिहावे व मुलांनीं वह्या बदलून एकमेकांच्या तपासाव्या, असा परिपाठ होता. (आमचा आळसही त्यांत नव्हता असें नाहीं.) पहिल्या नंबरासाठीं दोन मुलींची अटीतटी चाले, एक वकिलांची, दुसरी शिंप्याची. एका शनिवारीं वकिलांच्या मुलीची वही शिंप्याच्या मुलीकडून वीसपैकीं वीस गुण घेऊन परत आली. सोमवारीं प्रार्थनेपूर्वींच ती आमच्या टेबलापाशीं उभी!

“गुरुजी, ‘आशीर्वादा’चा रफार मी चुकून ‘शी’वर दिला आहे. कोणाच्या लक्षांत आलें नाहीं.”

एक गुण गेला, आणि त्याबरोबर नंबरही.

तेवढ्यावर आम्हीं थांबावयास हवें होतें. परंतु आम्हीं तिला वर्गापुढें उभी केलें, सत्यकाम जाबालापासून हरिश्चंद्रापर्यंत सर्वांस वेठीस धरून अर्धा तास प्रवचन झोडलें आणि वर एक पेन्सिल बक्षीस दिली. पुढच्या सोमवारीं पांच मुलें आपापल्या चुका घेऊन हजर! एकानें तर बरोबर वेलांटी खोडून चुकीची काढली होती; शाई अद्याप ओली होती.

१९२८ सालीं अमेरिकेंत हार्टशॉर्न व मे या संशोधकांनीं मुलांच्या फसवणुकीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दहा हजारांवर मुलें त्यांनीं पारखलीं. त्यांची एक युक्ति अशी: मुलांच्या उत्तरपत्रिकांची नक्कल गुपचूप करून ठेवावयाची, मग त्याच पत्रिका खऱ्या उत्तरांसह परत देऊन गुण मुलांनाच मांडावयास सांगावयाचे. (सत्याच्या परीक्षेसाठीं परीक्षकांनाच लपवाछपवी करावी लागली, ही गोष्ट निराळी.) त्यांस आढळलें कीं, एके ठिकाणीं लबाडी करणारें मूल दुसरीकडे सचोटीनें वागतें, ‘सत्यवादी’ व ‘लबाड’ असे मुलांचे दोन कप्पे पडत नाहींत.

तेव्हां त्या भगिनींनीं मुलास खोटारडा ठरवूं नये. तो शाळेंतून येतांच “शेजारच्याला किती पडले?” असें घरांत प्रथम कोण विचारतें, तेवढें पाहावें.

शिंप्याच्या मुलीस मात्र आम्हीं त्या दिवशीं एक शब्दही विचारला नाहीं. पहिली येऊनही ती मान खालीं घालून बसली होती, आणि नंबर उसना आणल्यासारखीं मुलें तिच्याकडे पाहत होतीं. वास्तविक शनिवारींच तिनें ती चूक दाखविली असती, तर नंबर तेव्हांच तिचा होता. ती तिला दिसलीच नाहीं, कीं दिसूनही तिनें सोडून दिली, हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं.