अवधानाची हर्राशी

वाशीम, कारंजा वा रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन गेलेला शेतकरी भावावर नाराज होऊन परततो, हे नित्याचेच आहे. तथापि आपला माल किती क्विंटल भरला, कोणत्या भावाने गेला आणि कोणी घेतला, एवढे तरी त्यास ठाऊक असते. हाती काटापट्टी असते. तोच शेतकरी रात्री जेवण आटोपून मोबाइल उघडतो, तेव्हा दुसरी एक हर्राशी सुरू होते. त्याच्या डोळ्यांपुढे कोणाची जाहिरात यावी यासाठी दूरदेशीच्या संगणकांवर बोली लागते आणि पापणी लवण्याच्या आत सौदा पुराही होतो. विकले जाते ते त्याचे अवधान. या सौद्याची काटापट्टी त्यास कोणी देत नाही; आपले काही विकले गेले, याचीही त्यास वार्ता नसते.

अवधान हे धन आहे, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नव्हे. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या प्रारंभी श्रोत्यांकडे मागितले ते अवधानच. अर्थशास्त्राला मात्र त्याची किंमत उशिरा कळली. माहितीचा सुकाळ झाला की ती ग्रहण करणाऱ्या लक्षाचा दुष्काळ पडतो, असा विचार हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने १९७१ साली मांडला. पुढे १९७८ साली त्यास अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दुष्काळावर आज केवढा व्यापार उभा आहे, हे पाहण्यासारखे आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप चालविणाऱ्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न १३,००० कोटी डॉलरांहून अधिक होते आणि ते जवळजवळ सर्वच्या सर्व जाहिरातींचे होते. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी तर २०१७ साली माणसाची झोप हीच आपली प्रतिस्पर्धी असल्याचे बोलून दाखविले होते. ज्यास आपण ‘फुकट’ म्हणतो, त्याचा हिशेब हा असा आहे.

यावर ‘ज्याने त्याने आपल्या मनाला आवर घालावा’ असे उत्तर दिले जाते. ते आम्हांस पटत नाही. एका बाजूस पाचवीतील मूल आणि दुसऱ्या बाजूस त्याचा अंगठा थांबू नये म्हणून पगार घेऊन झटणारे शेकडो अभियंते, ही काही बरोबरीची कुस्ती नव्हे. ज्याने चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला आहे, त्यास लक्ष किती नाजूक वस्तू आहे हे सांगावे लागत नाही. दारावरून वरात गेली तरी गणिताचा तास हातचा जातो. आता ती वरात दिवसभर खिशात वाजत असते! वाशीमची गणना २०१८ पासून देशातील आकांक्षित जिल्ह्यांत होते. शाळाखोल्या, नळ, पुस्तके यांची मोजदाद त्यानिमित्ताने झाली, हे योग्यच. पण त्या खोलीत बसलेल्या मुलाचे मन किती वेळ तेथे असते, याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?

मोबाइल फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा शिक्षण खात्यानेच तो मुलांच्या हाती दिला. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी महसूल खात्याने तो शेतकऱ्याच्या हाती दिला. भाव आणि पावसाचा अंदाजही त्यावरच कळतो. प्रश्न वस्तूचा नसून वेळेच्या मालकीचा आहे.

या मालकीचा विचार महाराष्ट्रात एका खेड्याने केला आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने १४ ऑगस्ट २०२२ रोजी सभा भरविली आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा होताच दूरचित्रवाणी व मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत वाचन, अभ्यास आणि घरातल्या गप्पा. प्रारंभी लोक हसले. मग शिक्षक व अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातील बान्सीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल बंद करण्याचा ठराव केला. बान्सीकरांची कळकळ आम्ही जाणतो. तथापि आमचे मत वडगावच्या बाजूस आहे. वडील ओसरीवर मोबाइल पाहत बसले आहेत आणि मुलाला मात्र मनाई, हा न्याय मूल मनातून कधीच मान्य करीत नाही. वडगावचा भोंगा बापालाही लागू आहे आणि आजीच्या मालिकेलाही. शिवाय सारे गाव एकदम थांबले, म्हणजे एकट्याने थांबण्याची लाजही उरत नाही.

ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी घालणारा कायदा डिसेंबर २०२५ पासून अमलात आणला आहे. तसा कायदा आपल्याकडे होईल तेव्हा होवो. ग्रामसभा मात्र आज आहे. मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतील गावांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे. दंडाचे कलम त्यांत नसावे. दंड आला की तक्रारी आल्या आणि तक्रारींबरोबर गावचे गटही आले. वेळ कोणती, हे ज्या त्या गावाने ठरवावे. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत माणसे अंधार पडल्यावर घरी येतात, तेव्हा सात हा ठोका सोयीचा नाही, आठचा चालेल. आणि ज्या गावात भोंगा नाही, तेथे शाळेची घंटा आहे.