बांधावरचा अधिकार

नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुले पोहण्याची परीक्षा देतात, ती अंगात कपडे आणि पायांत बूट घालून. पालकांना प्रथम याचे हसू येते. परंतु जागोजागी कालवे असलेल्या देशात मनुष्य पाण्यात पडतो तो पोहण्याच्या वेषात पडत नाही, हे त्या नियमामागील साधे शास्त्र आहे. या देशाची सुमारे पाव भूमी समुद्रसपाटीखाली आहे. येथे सागराचे ज्ञान हा हौसेचा विषय नसून नागरिकत्वाचा पहिला धडा आहे. तो धडा आपली मुले गिरवीत आहेत आणि आम्ही वडीलधारी मंडळी मात्र वर्गाबाहेर उभी आहोत, तेही स्वखुशीने!

३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचे पाणी बांध फोडून झेलंड व आसपासच्या प्रांतांत शिरले आणि या देशात १,८३६ माणसे प्राणास मुकली. हा निव्वळ निसर्गाचा कोप होता काय? बांध पुरेसे उंच नाहीत, हे योहान फान फेन या अभियंत्याने कित्येक वर्षे आधी दाखवून दिले होते. परंतु ते ज्ञान सरकारी दप्तरातच राहिले, बांधाखाली राहणाऱ्यांपर्यंत पोहोचले नाही. हवामान खात्याने धोक्याची सूचना दिली होती. पण नभोवाणी मध्यरात्री बंद होत असे. सखल भागातील शेतमजुरांची कच्च्या बांधणीची घरे लाटांपुढे टिकली नाहीत. गावाच्या सखल अंगाला कोणाची वस्ती असते, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

पुढे या देशाने डेल्टा योजना हाती घेतली. मूळ आराखड्यात ओस्टरस्खेल्डे ही खाडी कायमची बंद करावयाची होती. तसे झाले असते तर भरती-ओहोटी थांबून तेथील कालवे-शिंपल्यांचा व्यवसाय आणि खाडीतील जीवसृष्टी नष्ट झाली असती. येरसेके येथील मच्छीमार आणि निसर्गप्रेमी यांनी शास्त्रीय आधार घेऊन विरोध केला आणि सरकारला आराखडा बदलावा लागला. १९८६ साली पुरा झालेला तेथील बांध ६२ दारांचा आहे. एरवी ती उघडी असतात, वादळातच मिटतात. सुरक्षा हवी की निसर्ग, हा प्रश्नच चुकीचा होता, हे कोळ्यांनी अभियंत्यांना शिकविले.

या देशात पाण्याचा कारभार पाहणारी ‘वॉटरस्खाप’ नावाची मंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. आज ती २१ आहेत. त्यांचा कर आपण प्रत्येकजण भरतो. त्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते. मार्च २०२३ मध्ये ती झाली. कायदेशीर वास्तव्य असलेल्या परकीय नागरिकासही तेथे मत आहे. तरीही आपल्यापैकी कितीजण तिकडे फिरकले? मतपत्र रद्दीत टाकणारी घरे आम्ही पाहिली आहेत. गंमत अशी की, या मंडळांत राखीव जागाही आहेत आणि त्यांतील काही शेतजमीन धारण करणाऱ्यांसाठी आहेत! आरक्षणाच्या नावाने नाक मुरडणाऱ्या आपल्या काही देशबांधवांना हे अवश्य सांगावे.

पाणी हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्याचा अधिकार बजावला गेला, हे आपण दरवर्षी स्मरतो. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदी या नद्यांच्या योजनांना दिशा दिली, हे आपल्या समारंभांतून क्वचितच ऐकू येते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथील परिषदेत त्यांनी असे प्रतिपादन केले की, पूर म्हणजे केवळ वाहून घालवावयाचे संकट नव्हे, पाणी ही साठवून वापरावयाची संपत्ती आहे. प्यावयाच्या पाण्याच्या अधिकारापासून पाण्याच्या नियोजनाच्या अधिकारापर्यंत ते स्वतः पोहोचले होते. आपण पहिल्याच पायरीवर का थांबावे?

ज्या कोकणातून आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज आले, तेथेही पोल्डर आहेत; त्यांस खारजमीन म्हणतात. मातीचे बांध, पाणी सोडावयास उघाडी, बाहेर तिवरांची झाडी. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि जमीन काही वर्षे नापीक होते. बांध राखावयाचा कुळांनी आणि पीक न्यावयाचे खोतांनी, असा तेथील न्याय होता. अलिबागजवळच्या खारेपाटातील चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला; बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आज खोत गेले, पण बांधांची दुरवस्था काही गेली नाही. तेथे डच तंत्राइतकीच डच पद्धतीच्या मंडळांची, म्हणजे बांधाखाली राहणाऱ्याच्या मताची, गरज आहे.

हे अशक्य नाही. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वेळास आहे. तेथे पूर्वी समुद्रकासवांची अंडी गोळा करून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन ती जपण्यास आरंभ केला. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास दुरून माणसे येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात.

आपली मुले संगणकाकडे वळतात, त्यास आमची हरकत नाही. परंतु डेल्फ्टसारखे विद्यापीठ हाकेच्या अंतरावर असताना सागरी अभियांत्रिकी शिकून कोकणच्या बांधावर उभी राहणारी दोन-चार मुले तरी आपल्या घरांतून निघावयास हवीत. संघटनेने आपली पुढील सहल ट्यूलिपच्या बागेऐवजी औवरकर्कच्या महापूर संग्रहालयात न्यावी, अशी आमची सूचना आहे. ६ नोव्हेंबर १९५३ रोजी शेवटचे खिंडार बुजविण्यास ज्या चार प्रचंड काँक्रीटच्या पेट्या वापरल्या, त्यांच्याच पोटात ते वसले आहे. तेथील फलक मुलांनी वाचावेत आणि आईवडिलांस मराठीत समजावून सांगावेत.