वाळवंटातली मासळी : टाकी विकावी की विद्या?



यंदाच्या हंगामात काट्यावर गाड्यांच्या रांगेत एक नवाच विषय आमच्या कानी पडला. दुबईकडे मासळीला मोठी मागणी आहे, तिकडे शेती नाही की पाणी नाही, तेव्हा मत्स्यशेतीचे तंत्र आता आपल्याकडून तिकडे जाणार, असे छापलेले रंगीत कागद काही गावांत वाटले गेले. आधी सभासदाने पदरच्या पैशाने टाक्या बसवायच्या. मग माल आणि पोरे दोन्ही तिकडे न्यायची हमी. काही सभासदांनी तर कारखान्यानेच यात भांडवल घालावे, अशी सूचना केली. आमचे मत विचारले गेले, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. गरज खरी आहे. संयुक्त अरब अमिराती, म्हणजे दुबई-अबुधाबीचा देश, आपल्या अन्नापैकी सुमारे 85 ते 90 टक्के अन्न बाहेरून आणतो. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि प्यायचे पाणी बहुतांशी समुद्राचे गोडे केलेले. त्यांचा आवडता हामूर मासा अतोनात मासेमारीने कमी झाला. आता गंमत पाहा. ज्या देशात उसाचे कांडे पिकत नाही, तेथे जेबेल अली बंदरावर 1995 पासून साखरेची रिफायनरी चालते, आणि ती जगातल्या मोठ्या रिफायनऱ्यांत मोडते. कच्ची साखर बाहेरून येते, पांढरी होऊन बाहेर जाते. तेव्हा पिकत नाही म्हणून ते लोक हात बांधून बसणारे नव्हेत.

त्यांना भीती आहे ती एकाच गोष्टीची : विकणाऱ्याने उद्या दार लावले तर? आणि हे दार लावणाऱ्यांत आपणही आहोत, बरे का. 1 जून 2022 पासून केंद्र सरकारने साखरेच्या निर्यातीवर निर्बंध घातले, त्याची झळ आपल्याला ठाऊक आहेच. 20 जुलै 2023 रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. साधारण आठवड्याभराने अमिरातीने आपल्या देशातून तांदूळ बाहेर जाण्यास चार महिन्यांची बंदी घातली. आपला येथला एक कागद निघाला की तिकडच्या दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. म्हणून 2018 साली त्यांनी 2051 पर्यंतचे अन्नसुरक्षेचे धोरण जाहीर केले. त्यांना नुसता मासा नको आहे, मासा घरी वाढवायची ताकद हवी आहे. निर्यातीची संधी म्हणतात ती हीच.

आता ही ताकद ते कोणाकडून घेतात ते पाहू. जेबेल अलीलाच बंद इमारतीतल्या टाक्यांत सॅल्मन मासा वाढवतात. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि आत बर्फाळ देशातला मासा! टाकीतले पाणी गाळून, त्यातला अमोनिया जिवाणूंकडून मारून, प्राणवायू घालून, थंड करून पुन्हा पुन्हा तेच वापरायचे. ही यंत्रे आणि ती चालवायची पद्धत युरोपातल्या लोकांनी पिढीभर खपून बसवली आहे. तेथल्या सॅल्मनची अंडी आइसलँडहून आणि पिल्ले स्कॉटलंडहून आणलेली. म्हणजे टाकीचे पैसे एकदा गेले, पण बीजाचे पैसे दर हंगामाला जातात.

या व्यवहारात खरा कमावतो कोण, हे ऊसवाल्याला शिकवायला नको. वालचंदनगरने साखर कारखान्यांची यंत्रे परदेशी पाठवली. यंत्र एकदाच गेले. पण चांगला पॅनमन, केमिस्ट, फिटर यांची गरज दर गळिताला लागते, आणि आपल्याकडची अशी माणसे आफ्रिकेतल्या कारखान्यांत गेलेली आपण पाहिली आहेत. उलटा दाखला कोळंबीचा घ्या. 1990 नंतरच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने आपल्याकडची वाघ्या कोळंबी बुडाली. 2009 पासून व्हॅनामी कोळंबी आली आणि निर्यातीत आपला देश पुढे गेला. पण तिची रोगमुक्त जनक कोळंबी आपण मुख्यत्वे अमेरिकेतून विकत आणत आलो. कोळंबी आपली, घाम आपला, आणि बियाण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

मग आपल्याजवळ विकण्यासारखे काय आहे? आमच्या मते आहे, पण ते रंगीत कागदावर नाही. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, 1961 सालची. तिच्या हरियाणातल्या लाहली केंद्राने समुद्रापासून शेकडो मैल दूर, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात व्हॅनामी वाढवून दाखवली. अशा पाण्यात मीठ असते पण पालाश कमी पडते, म्हणून कोळंबी मरते. त्यांनी म्युरेट ऑफ पोटॅश घालून ही उणीव भरून काढली. जे पोते आपण उसाच्या खोडाला टाकतो, तेच! हरियाणा-पंजाबच्या नापीक झालेल्या खाऱ्या जमिनींत शेतकरी आज कोळंबी घेतात. वाळवंटी देशाला जमिनीखालचे खारे पाणी, ऊन आणि स्वस्तात काम उरकणारी पद्धत यांचे जाणकार हवेत. थंड देशातल्या माणसाला हे येत नाही.

दुसरी गोष्ट मळीची. बायोफ्लॉक या पद्धतीत टाकीच्या पाण्यात मळी किंवा गूळ घालतात. मळीतला कर्ब खाऊन जिवाणू अमोनिया आपल्या अंगात घेतात, त्यांचे पुंजके होतात, आणि तेच कोळंबी किंवा चिलापी खाते. पाणी वाचते, खाद्यही थोडे वाचते. इस्रायलच्या योराम अवनिमेलेख यांनी याचे शास्त्र मांडले. तोही वाळवंटी मुलूख. दुबईत 1999 पासून खाऱ्या पाण्यावरच्या शेतीचे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. तेथे खारे पाणी गोडे करतात, उरलेल्या अतिखाऱ्या पाण्यात मासे वाढवतात, आणि माशांचे पाणी मीठ सोसणाऱ्या झाडांना देतात. आपल्याकडे चिपाड, मळी, प्रेसमड काहीच फेकत नाहीत, तोच हा हिशेब.

पण हाच कागद उलटा धरूनही वाचला पाहिजे. बायोफ्लॉकला हवा चोवीस तास लागते. लाइट गेली आणि जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही, तर सकाळी टाकीवर मासे उलटे. रात्रीच्या लाइटीचे आपले हाल कोणाला सांगायचे? हमीभावाने परत विकत घेऊ म्हणणाऱ्यांचा अनुभव तर इमू आणि कडकनाथच्या वेळी पुष्कळांनी घेतला आहे. कर्जाचे हप्ते अजून फिटताहेत अशी घरे आहेत. आणि 1 मे 2022 पासून अमिरातीशी आपला व्यापार करार लागू आहे खरा; पण कराराने जकात हलकी होते, माशाला जीव येत नाही.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. कारखान्याचा एक रुपयाही टाक्या विकणाऱ्याच्या हाती जाऊ नये. सभासदानेही शेतीवर बोजा चढवून टाकी घेऊ नये. त्याऐवजी तीन गोष्टी कराव्यात. एक, कृष्णाकाठच्या आपल्या क्षारपड रानांतले पाणी तपासून घ्यावे. ते कोळंबीला पुरेसे खारे आहे की नाही, हे गावागणिक निराळे निघेल. अंदाजाने तळे खोदू नये. दोन, जेथे जमेल तेथे मत्स्य शिक्षण संस्थेच्या सल्ल्याने एकच प्रयोगाचे तळे घ्यावे आणि त्याचा खर्च, मर, लाइटबिल, विक्री, सगळे याच पत्रिकेत छापावे. तोटा झाला तर तोटा छापावा. तीन, सभासदांच्या मुला-मुलींपैकी चार-पाचजणांना मत्स्यशास्त्र शिकण्यासाठी शैक्षणिक निधीतून मदत द्यावी.

दहा वर्षांनी त्यांतली दोन मुले बीज, खाद्य आणि पाण्याची जाणकार म्हणून वाळवंटी देशात गेली, तर ती खरी निर्यात. कदाचित ती जाणारही नाहीत, आपल्याच क्षारपड रानात राबतील. तोही तोटा नव्हे.

येत्या वार्षिक सभेत हा विषय निघेलच. सभासदांनी तोवर विचार करून यावे, आणि आमचे चुकत असेल तर तसे ठणकावून सांगावे.